आकाराची नक्कल सोपी, घडणीची अवघड

जुन्या मोटारसायकलचा सुटा भाग घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरताच पहिला प्रश्न विचारतो, ‘ओरिजिनल आहे ना?’ उत्तरही ठरलेलं असतं. ‘साहेब, एकदम कंपनीचा माल.’ यात दर वेळी फसवणूकच असते असं नाही. बुलेटचं मडगार्ड विकणाऱ्याच्या मनातली कंपनी लुधियानाची असते, घेणाऱ्याच्या मनातली मद्रासची, आणि गाडी १९५०च्या दशकातली असेल तर खरी कंपनी इंग्लंडमधल्या रेडिचची निघते. तिघांचंही मडगार्ड लांबून सारखंच दिसतं. किमतीत मात्र काही पटींचा फरक पडतो.

मुंबईत हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण जुना भाग मिळायची, दुरुस्त व्हायची आणि नव्यानं बनायची ठिकाणं इथे एकाच शहरात आहेत. भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार आहे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची जुन्या गाड्यांच्या मालाची दुकानं आहेत, आणि अंधेरी-कुर्ला रोडवर साकीनाक्यापाशी फुटणाऱ्या खैरानी रोडवरचे गाळे आहेत. या गाळ्यांत लेथ चालतात, वेल्डिंग होतं, पॉलिश होतं. नमुना नेऊन दिला की तसाच दुसरा भाग घडवून देणारा कारागीर इथे सापडतो. झिजलेला मूळ भाग वाचवणारे हात आणि नक्कल घडवणारे हात पुष्कळदा एकच असतात. त्यामुळे ‘कुठून घेतला’ यावरून निदान होत नाही, भागालाच बोलतं करावं लागतं.

आणि भाग बोलतो. धातूचा प्रत्येक तुकडा ज्या रीतीनं घडला त्या रीतीच्या खुणा अंगावर घेऊन येतो. तो वाळूत ओतला, पोलादी साच्यात दाबला, घणाखाली ठोकला की सळईतून कातला, हे पुढे पन्नास वर्षं वाचता येतं. नक्कल करणारा समोर ठेवलेल्या नमुन्याचा आकार उचलतो. मूळ कारखान्यातली अवजारं, साचे आणि मापं त्याच्याकडे नसतात. म्हणून आकार जुळतो आणि घडण चुकते. पारखायचं ते इथेच.

मधल्या पायऱ्या

मूळ आणि नक्कल यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. पहिला मान गाडीबरोबर कारखान्यातून आलेल्या भागाचा. दुसरा त्याच कंपनीनं त्याच काळात सुटा विकलेल्या, पाकिटातच राहून गेलेल्या भागाचा. बाजारात त्याला ‘एनओएस’ म्हणतात. जुना, पण न वापरलेला. तिसरा परवाना घेऊन दुसऱ्या कारखान्यानं बनवलेल्या भागाचा. चौथा मूळ पुरवठादाराचं नाव आणि आराखडे ज्याच्याकडे आहेत त्यानं आज नव्यानं बनवलेल्या भागाचा. ब्रिटिश गाड्यांवरचे अमाल कार्बोरेटर आजही असे अधिकृतपणे बनतात. पाचवी नक्कल, म्हणजे आकार घेतलेला पण कुणाचं नाव न लावलेला भाग. इंग्रज शौकीन त्याला ‘पॅटर्न पार्ट’ म्हणतात. आणि शेवटचा बनावट भाग, ज्याच्या अंगावर कंपनीचं खोटं नाव कोरलेलं असतं आणि जो खोट्या पाकिटात घालून विकला जातो.

शेवटच्या दोघांतला फरक कायद्यालाही कळतो. भारतात आकृतिबंधाच्या नोंदणीला आधी १० वर्षं आणि वाढवून घेतली तर आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. ते संपल्यावर १९६० सालचं मडगार्ड कोणीही बनवू शकतो. बोधचिन्हाचं तसं नाही. नूतनीकरण होत राहिलं तर ते हवं तितकी वर्षं टिकतं, आणि परवानगीशिवाय ते छापून माल विकणं हा गुन्हा आहे. मडगार्ड बनवणारा उद्योजक असतो, त्यावर खोटा शिक्का मारणारा गुन्हेगार.

तिसऱ्या पायरीचं उत्तम उदाहरण साकीनाक्याहून फार लांब नाही. भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे ‘एपीआय’ची, फॅक्टरी होती. ब्रिटनच्या रूट्स उद्योगसमूहानं १९४९ साली काढलेली ही कंपनी पुढे मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्याकडे गेली. तिनं इटलीच्या इनोसेंटी कंपनीच्या लॅम्ब्रेटा स्कूटर आधी जोडायला आणि मग बनवायला घेतल्या. इटलीत दीडशे सीसीच्या ‘एलआय’ लॅम्ब्रेटाची दुसरी मालिका १९५९ ते १९६१ एवढीच चालली. एपीआयनं तोच घाट पुढे ‘लॅम्बी’ या नावानं १९९३पर्यंत चालू ठेवला. मिलानच्या लांब्राते भागात जन्मलेला हा घाट तिथे इतिहासजमा झाल्यावर तीस वर्षं इकडे बनत राहिला.

आता भांडुपचा एखादा भाग १९६० सालच्या इटालियन लॅम्ब्रेटाला बसवला, तर तो मूळ की नक्कल? परवान्याखालची घडण आहे, म्हणून नक्कल नव्हे. पण त्या गाडीचा तो मूळ भागही नव्हे. उलट भांडुपच्या १९७८ सालच्या लॅम्बीला कुणी हौसेनं इटलीहून मागवलेला, ‘इनोसेंटी’ कोरलेला भाग लावला, तर महाग भाग लावूनही गाडी मूळ स्वरूपापासून लांब गेली. भाग कुठल्या गाडीवर आणि कुठल्या सालच्या गाडीवर बसणार, हे ठरल्याशिवाय तो मूळ की उपरा हे सांगताच येत नाही.

बुलेटचंही तेच. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली तेव्हा गाड्या इंग्लंडहून आलेल्या भागांतून जोडल्या जात. १९५७ साली भाग बनवायची यंत्रसामग्री विकत घेतली गेली आणि १९६२पर्यंत सगळे भाग भारतात बनू लागले. म्हणजे १९५६च्या बुलेटवर ‘मेड इन इंग्लंड’ शोभून दिसतं आणि १९७५च्या बुलेटवर तीच अक्षरं शंका घ्यायला लावतात. १९६१ साली मद्रासजवळ पाडीला विजेचं सामान बनवणारी लुकास-टीव्हीएस निघाली. त्यानंतरच्या गाडीवर तिचं नाव असणं रास्तच. जावाची गोष्टही याच वळणाची. मुंबईत जावा गाड्या आयात करणाऱ्या इराणी मंडळींपैकी रुस्तम आणि फारोख इराणी यांनी १९६०च्या सुमारास म्हैसूरमध्ये आयडियल जावा उभी केली. सुरुवातीच्या गाड्यांत चेकोस्लोव्हाकियाचा माल भरपूर होता, ‘पाल’चं विजेचं सामान, ‘जिकोव’चा कार्बोरेटर. मग हळूहळू देशी भाग आले, १९७३पासून गाडीचं नाव ‘येझदी’ झालं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. तेव्हा चेक भाग हा आरंभीच्या जावाचा सख्खा आणि उतरत्या काळातल्या येझदीचा चुलत. राजदूत ३५०चं उदाहरण आणखी बोलकं आहे. यामाहा आरडी ३५०ची ही भारतीय आवृत्ती १९८३मध्ये आली तेव्हा तिला पुढे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक होता. आज तिला जपानी डिस्क बसवणारे ‘जास्त ओरिजिनल’ केल्याच्या थाटात सांगतात. गाडी त्यामुळे चांगली थांबत असेल, पण कारखान्यातून आली तशी राहिली नाही.

ओतकाम आकसतं

एक कव्हर हातात घ्या. इंजिनाच्या बाजूचं, ॲल्युमिनियमचं, वर कंपनीचं नाव उठावात असलेलं. नक्कल ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण इथे आहे, आणि ती डोळ्यांपेक्षा व्हर्नियरला लवकर दिसते.

वितळलेला धातू साच्यात थंड होताना आकसतो. ॲल्युमिनियम साधारण १.३ टक्के आकसतं. मूळ कारखान्यात लाकडी किंवा धातूचा नमुना याच हिशेबानं मुद्दाम थोडा मोठा करतात. नमुना बनवणाऱ्यांची पट्टीसुद्धा त्यासाठी वाढीव मापाची असते. नक्कल करणाऱ्याला एवढा खटाटोप नको असतो. तो तयार कव्हरच वाळूत दाबतो, त्याचा ठसा घेतो आणि त्यात धातू ओततो. झालं, नवं कव्हर पुन्हा १.३ टक्क्यांनी लहान. फूटभर लांबीच्या कव्हरला हा फरक जवळपास चार मिलिमीटर होतो. मग टोकाची दोन भोकं इंजिनाच्या भोकांशी जुळत नाहीत आणि ती कानशीनं लांबट केली जातात. भोक गोल नसून अंडाकृती दिसलं, तर इथे काय घडलं असेल ते समजून जावं.

याच खटाटोपात अक्षरं विरघळतात. मूळ अक्षराची कड बोटाला लागते. ठशावरून घेतलेल्या अक्षराचे कोपरे गोलावतात, ‘ई’च्या मधल्या रेघेचं टोक बोथट होतं, अक्षरांमधली पार्श्वभूमी खडबडीत येते. नक्कलीची नक्कल झाली की हे दुप्पट होतं. मात्र सावध राहा. मूळ कव्हरसुद्धा दोन-तीनदा बफिंगच्या चाकाखालून गेलेलं असेल तर त्याचीही अक्षरं झिजतात. म्हणून अक्षरं बघून झाली की कव्हर उलटं करावं. आतली बाजू कोणी पॉलिश करत नाही. वाळूच्या ओतकामाचा रवाळ पोत, साच्याची दोन अंगं जिथे मिळतात ती रेघ, पोलादी साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे छोटे गोल ठसे, फौंड्रीची खूण, भागाचा क्रमांक, हे सगळं आत असतं. समोरून पोलादी साच्यातलं वाटणारं कव्हर आतून वाळूचं निघालं की प्रश्न सुटला.

किकचा दांडा, गिअरचा लिव्हर, फूटरेस्ट असे ताकद सोसणारे भाग चांगल्या कारखान्यात ओतत नाहीत, तापवून घणाखाली ठोकून घडवतात. ठोकताना दोन ठशांच्या फटीतून धातू बाहेर येतो आणि तो कापून घासला जातो. त्यामुळे घडीव दांड्याच्या कडेला रुंद, घासलेली पट्टी दिसते. ओतीव दांड्याला तिथे केसासारखी बारीक रेघ असते. हा फरक नुसत्या हौसेपुरता नाही. ओतीव किकचा दांडा भर ट्रॅफिकमध्ये मोडू शकतो, आणि मोडला तर पोटरीला बसतो.

अडीच सूत आणि आठ मिलिमीटर

आपले जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या ब्रिटिश गाडीचा बोल्ट ‘अडीच सुताचा’ असला तर तो ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आणि आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा बोल्ट ८ मिलिमीटरचा. फरक इतका थोडा की बोल्ट शिरल्यासारखा वाटतो. पण आटे वेगळे. ब्रिटिश मोटारसायकलींवरच्या सायकल आट्यांत इंचाला २६ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांत जेमतेम एक मिलिमीटर अंतर. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला हेच अंतर सव्वा मिलिमीटर असतं. दोन-तीन फेऱ्या बोल्ट गोड जातो, मग अडतो, मग कुणीतरी जोर लावतं आणि ॲल्युमिनियममधले आटे सोलून निघतात. शिवाय ब्रिटिश गाडीवर एकच पद्धत नसते. व्हिटवर्थ आणि त्याच कुळातल्या बारीक आट्यांचा कोन ५५ अंशांचा, सायकल आट्यांचा ६० अंशांचा.

नक्कल करणारा आजच्या यंत्रावर आटे पाडतो आणि ते बहुधा मेट्रिक असतात. दातेरी पिच गेजची पानं खिशात ठेवून गेलं तर हा निकाल दुकानात उभ्या उभ्या लागतो. जावा मात्र जन्मतः मेट्रिक, त्यामुळे तिच्या भागावर ही कसोटी चालत नाही. जपानी घराण्यातल्या यामाहा आरएक्स १०० किंवा राजदूत ३५०वर स्क्रूचं डोकं बघावं. जपानी मानकाच्या चौफुली खाचेच्या स्क्रूवर पुष्कळदा एक बारीक टिंब कोरलेलं असतं. ते स्क्रू साध्या फिलिप्स पेचकसानं खोलायला गेलं की खाच खराब होते, आणि कव्हर कितीदा अनाडी हातांनी उघडलं गेलंय याचा दाखला तिथेच मिळतो. यामाहाच्या भागांवर क्रमांकाचीही शिस्त असते. पहिली तीन अक्षरं-आकडे, तो भाग मुळात कुठल्या मॉडेलसाठी आखला त्याचा संकेत. मधले पाच, तो भाग कोणता याचे. शेवटचे दोन, सुधारणा किंवा रंगाचे. १९८५ ते १९९६ या काळात आलेल्या आरएक्स १००चे नकली भाग बाजारात ढिगानं आहेत. त्यातल्या पुष्कळांवर कंपनीचं नाव असतं, क्रमांक नसतो.

पत्रा, मुलामा आणि वार्धक्य

टाकी आणि मडगार्ड यांत सगळ्यात जास्त फसगत होते, कारण रंगाखाली सगळं झाकतं. पहिलं काम लोहचुंबकाचं. पातळ कापडात गुंडाळलेला चुंबक टाकीवरून फिरवत न्यावा. जिथे पकड ढिली पडते तिथे पत्र्यावर पुट्टीचा थर आहे. मग टाकी उलटी करावी. कारखान्यात पत्रा मोठ्या प्रेसखाली एका दमात ओढला जातो आणि जोड यंत्रावर दिला जातो. स्पॉट वेल्डिंगचे बारीक खळगे सारख्या अंतरावर रांगेनं दिसतात. हातानं ठोकून बनवलेल्या टाकीच्या पोटात हातोडीच्या लाटा आणि कमी-जास्त जाडीची वेल्डिंगची माळ दिसते. टॉर्च लावून झाकणातून आत बघितलं तरी उलगडा होतो.

मडगार्ड तर वजन करून घ्यावं. १८ गेजचा पत्रा १.२ मिलिमीटर जाड असतो, २२ गेजचा ०.७. स्वस्त नक्कल पातळ पत्र्यात होते, कारण तो वळवायला सोपा आणि विकत घ्यायला कमी. काठाला दुमडलेली तार किंवा गुंडाळी आहे का तेही बघावं. ती घालायचा कंटाळा करणारे बरेच.

मुलाम्यालाही काळवेळ असते. क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर आला तो १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या मोटारसायकलींवर निकेलच असायचं, किंचित पिवळसर आणि ऊबदार झाक असलेलं. पहिल्या महायुद्धाच्या काळातली गाडी क्रोमनं चमचमत असेल, तर ती सुंदर दिसत असेल, खरी दिसत नाही. नट-बोल्टांवर पूर्वी कॅडमियम असे, मंद राखाडी. आज त्या जागी झिंक येतं, निळसर चकाकणारं नाहीतर सोनेरी पिवळं. सगळी गाडी जुनी आणि नट-बोल्ट नवरीसारखे दागिने घातलेले, असं दिसलं की गाडी कधीतरी पूर्ण खोलली गेली आहे.

जुनेपणाही विकत मिळतो. मिठाच्या पाण्यात किंवा आम्लात बुडवून काढलेला भाग दोन दिवसांत म्हातारा होतो. पण त्याचा गंज सगळीकडे सारखा चढतो, आट्यांच्या तळाशीही आणि नट बसायच्या जागेवरही. खऱ्या वापराला दिशा असते. ब्रेकचा पायटा जिथे बूट पडतो तिथेच गुळगुळीत होतो, फूटरेस्ट खालून घासतो, वॉशर बसायचा तिथे त्याचा स्वच्छ गोल राहतो. वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात पावसाळे काढलेल्या गाडीचा क्रोम टिपक्या-टिपक्यांनी फुटतो, आणि तो बाहेरच्या अंगाला आधी फुटतो. झाकलेल्या आणि उघड्या भागाचं वय एकच दिसलं तर तो गंज गाडीवर चढलेला नाही.

काट्याची चाल

काही भाग बघून कळत नाहीत, चालवून कळतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांवरचा स्मिथ्स कंपनीचा ‘क्रोनोमेट्रिक’ स्पीडोमीटर त्यातला. त्याच्या पोटात घड्याळासारखी यंत्रणा असते. ठरावीक क्षणभरात चाकाचे किती फेरे झाले ते ती मोजते, तेवढा काटा सरकवते आणि पुढची मोजणी होईपर्यंत त्याला धरून ठेवते. म्हणून वेग वाढताना काटा टिक टिक करत पायऱ्यांनी चढतो. १९६४च्या सुमारास त्याची जागा चुंबकी मीटरनं घेतली. त्यात फिरणारा चुंबक धातूच्या वाटीला ओढतो आणि काटा अलगद, न थांबता वर जातो. आज नक्कल म्हणून मिळणारे पुष्कळ मीटर क्रोनोमेट्रिकची तबकडी लावतात आणि आत चुंबकी यंत्र ठेवतात. तबकडी हुबेहूब, पण काटा एकदा चढू द्या, पायऱ्या आहेत की नाहीत ते कळतं.

विजेच्या सामानावर ब्रिटनच्या लुकास कंपनीची एक सवय मदतीला येते. मॉडेलचं नाव आणि क्रमांकाबरोबर महिना आणि साल ठोकलेलं असे, उदाहरणार्थ ‘९ ५८’ म्हणजे सप्टेंबर १९५८. गाडीच्या जन्माच्या चार-सहा महिने आधीची तारीख सापडणं ही मोठी पावती. गाडीनंतरची तारीख सापडली तर भाग खरा असूनही नंतर बदललेला. तारीख कशी उमटली आहे तेही बघावं. ठोकलेल्या अक्षराभोवती धातू किंचित वर उचलला जातो आणि आकडे जरा वरखाली असतात. लेझरनं कोरलेली तारीख सरळ रेषेत, उथळ आणि काळसर दिसते. १९५८ साली लुकासकडे लेझर नव्हता. लेझरचा शोध १९६० सालचा.

नंबर आणि आरटीओ

इथवर प्रश्न पैशांचा होता. इंजिन आणि चेसिसच्या क्रमांकापाशी तो कायद्याचा होतो. अंधेरीच्या आरटीओत, म्हणजे एमएच-०२च्या कचेरीत, गाडीचं काम काढलेल्या प्रत्येकाला पेन्सिलची ती कसरत माहीत असते. चेसिसच्या क्रमांकावर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा अर्जाला लावायचा. हीच युक्ती पारखीलाही उपयोगी आहे. कागदावर आकड्यांबरोबर आजूबाजूच्या पृष्ठभागाचाही ठसा येतो. आकड्यांच्या मागे कानशीचे आडवे ओरखडे किंवा ग्राइंडरचा खळगा उमटला, तर पहिला आकडा घासून दुसरा ठोकला गेला आहे. ही भीती जुनी आहे. ब्रिटनच्या ट्रायम्फनं १९६९पासून इंजिन-क्रमांकाच्या जागेवर स्वतःच्या बोधचिन्हाची बारीक नक्षीच उठवायला सुरुवात केली. क्रमांक घासला की नक्षी पुसली जाते आणि चोरी उघडी पडते. ट्रायम्फसारख्या इंजिनांत क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांवर तळाशी जुळणीचा एकच क्रमांक असतो, कारण ते दोन्ही भाग एकत्र कातलेले असतात. दोन वेगळे क्रमांक म्हणजे दोन इंजिनांची मोट बांधलेली.

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूप राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी विंटेज ठरते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,०००, मुदत १० वर्षं. नव्यानं नोंदलेल्या गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. अर्थात आरएक्स १००चे भक्त तिला कितीही विंटेज म्हणोत, कायद्याच्या लेखी तिला त्या वयाला पोचायला अजून अवकाश आहे. पण ज्यांच्या घरात १९६०च्या दशकातली जावा किंवा बुलेट आहे त्यांच्यासाठी ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द आता सरकारी कागदावरचे आहेत. चेसिस, बॉडी आणि इंजिन शाबूत, तर बाकीच्या झिजणाऱ्या भागांचा बाऊ नको.

कुठे नक्कलच बरी

आणि काही भाग मूळ नसलेलेच चांगले. जुन्या ब्रेक शूजच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ फुंकून उडवायची गॅरेजमधली सवय फुप्फुसाला घातक आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा न वापरलेला टायर पाकिटासकट मिळाला तरी त्याचं रबर मेलेलं असतं. बेअरिंग ठरलेल्या मापांत आजही चांगल्या कंपन्यांची मिळतात, तिथे जुन्याचा हट्ट म्हणजे इंजिनाशी वैर. पेट्रोलचं तर हल्ली वेगळंच. २०२५पासून देशभर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि ते जुनं रबर फुगवतं. पूर्वीच्या ब्रिटिश पेट्रोल-कॉकमध्ये बुचाच्या झाडाच्या सालीचं सील असे. त्यावरच्या लाखेच्या लेपाला अल्कोहोल सोसत नाही. या जागी आजच्या रबराचं नवं सील घालणाऱ्यानं गाडीवर उपकारच केले. मूळ काढलेला भाग मात्र फेकायचा नाही. चिठ्ठी लावून, तेलाचा हात फिरवून पिशवीत ठेवायचा. गाडी विकताना त्या पिशवीला वेगळी किंमत येते.

जगभरच्या जुन्या ब्रिटिश गाड्यांना भारतात बनलेले भाग लागतात, आणि त्यात उत्तम आणि टाकाऊ असे दोन्ही असतात. त्यामुळे नक्कल या शब्दानं नाक मुरडायचं कारण नाही. रेडिच, म्हैसूर, भांडुप, सगळीकडचं उत्पादन थांबलं. नक्कल घडवणाऱ्या कारागिरांनी हात आखडता घेतला असता तर अर्ध्या जुन्या गाड्या भंगारात गेल्या असत्या.

तेव्हा घेताना क्रम असा ठेवावा. आधी आपली गाडी कुठल्या सालची, कुठे बनलेली, तिच्यावर त्या वर्षी काय होतं, हे पक्कं करावं. मग भाग उलटा करून आतली बाजू, आटे, शिक्के आणि वजन बघावं. पुढचा चेहरा सगळ्यात शेवटी. पटलं नाही तर नक्कलीच्या भावानं नक्कल म्हणून घ्यावा आणि बिलावर तसं लिहून मागावं. ‘साहेब, हा लोकल आहे, पण बसतो बरोबर’ असं न विचारता सांगणारा दुकानदार भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवावा. उद्या तोच माणूस एखादा भाग दाखवून ‘हा मात्र कंपनीचा’ म्हणेल, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन असेल.